गरम वाऱ्यावरचं बियाणं

मला लाल दिव्यांचा राग आहे. टीव्ही बंद केल्यावर खाली जो बारीक दिवा जळत राहतो ना, तो. सेट टॉप बॉक्सचा, मायक्रोवेव्हचा, एसीचा, गीझरचा. वडिवळे धरणाच्या काठावर पुण्यामुंबईच्या लोकांचे चार बंगले मी सांभाळते. रविवारी मंडळी परत गेली की सोमवारी माझी पहिली फेरी या दिव्यांसाठी असते. माणसं नाहीत आणि फ्रीज चालू. आत काय, तर अर्धं लिंबू आणि सॉसची बाटली. बागेतले दिवे भर दुपारी चालू. एकदा मी पंधरा दिवस माहेरी कामशेतला होते, तर एका बंगल्यात काचेच्या पेटीतले मासे मरून गेले तरी बुडबुडे सोडणारा पंप चालूच. घरात माणूस नाही, पाण्यात मासा नाही, पंप आपला इमानदारीत चाललाय.

मी बटणं बंद करत फिरते आणि तोंडानं बोलत फिरते. माझ्या सासूबाई, कमळाबाई, म्हणतात, "सुषमे, दुसऱ्याच्या घरच्या दिव्यानं तुजं का रगात आटतंय?"

आटतं, त्याला मी काय करू? वाया गेलेलं मला बघवत नाही. पेजेचं पाणी मी मोरीत ओतत नाही, म्हशीला घालते. चुलीतला शेवटचा निखारासुद्धा पाणी तापवल्याशिवाय विझू देत नाही. हा माझा गुण आहे असं मी आजवर समजत होते. पुढं जे झालं ते त्या गुणापायीच झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गेल्या वर्षी जुलैमध्ये चौथ्या बंगल्यात यंत्रं आली. बंगला प्रतीक्षा मॅडमचा. तिशीची बाई, पुण्यात काँप्युटरचं काम, बोलायला गोड, मला कायम "सुषमाताई" म्हणणार. हा बंगला आमच्या चाफेवाडीला अगदी लागून आहे. इतका, की वाडीला आणि बंगल्याला वीज देणारा डीपी एकच, चिंचेखालच्या खांबावरचा. यंत्रं म्हणजे बारा पेट्या, बुटाच्या खोक्याहून जरा मोठ्या. गाडी ठेवायच्या खोलीत मांडणीवर त्या ओळीनं लावल्या. चालू केल्या तर पिठाची गिरणी बरी असा आवाज. मागची भिंत फोडून तिथं पत्र्याचं चौकोनी तोंड बसवलं, आतली गरम हवा मागच्या पडवीत फेकायला.

माझं काम सोपं होतं. सकाळ-संध्याकाळ जाळीवरची धूळ झाडायची आणि त्या पत्र्याच्या तोंडाशी टांगलेल्या छोट्या थर्मामीटरचा फोटो काढून मॅडमना पाठवायचा.

"मॅडम, ही यंत्रं करतात काय?" मी विचारलं.

"आकडेमोड करतात, ताई. मोठे काँप्युटर समजा."

"रात्रंदिवस?"

"रात्रंदिवस. बंद मात्र कधी करायची नाहीत हं. तुमची ती सवय माहितीये मला."

मी हसले. मला वाटलं, बँकेचं किंवा रेल्वेचं काही असेल. आपल्याला काय कळतंय?

पहिल्याच दिवशी मी मागच्या पडवीत जाऊन त्या तोंडासमोर हात धरला आणि चटकन मागं घेतला. चुलीपुढं बसल्यावर लागते तशी धग. बाहेर जुलैचा पाऊस. मावळात जुलैमध्ये काय अवस्था असते ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. कपडे आठ आठ दिवस वाळत नाहीत, त्यांना वास येतो, अंथरुणं गार पडतात, पोरांचे गणवेश चुलीवरच्या दोरीवर धुरात टांगावे लागतात. आणि इथं, जिथं कुणी राहतसुद्धा नाही अशा घराच्या मागून असं सोन्यासारखं गरम वारं डोंगराच्या अंगावर फेकून दिलं जात होतं. माझा जीवच तुटला. मी लगेच मॅडमना फोन लावला आणि पडवीत कपडे वाळत घालू का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, घाला की, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मग काय विचारता. दोन तासांत चादरी कडकडीत. आठ दिवसांत सगळ्या वाडीच्या बायका गाठोडी घेऊन माझ्या दारात. शेजारच्या अंबूबाईनं तर त्या पडवीला "सुषमीचं ऊन" असं नावच पाडलं. कुणाची गोधडी, कुणाचं घोंगडं, कुणाचा जळणाचा भारा. माझा वाडीत भाव वधारला आणि मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

त्याच पावसाळ्यात वाडीतली वीज मात्र बिघडली. संध्याकाळी बल्ब नुसते लाल दिसायचे. डोंगरावरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप घुमायचा, पण पाणी चढायचं नाही, आणि बायका पुन्हा डोक्यावर हंडे घेऊन विहिरीवर जायला लागल्या. ऑगस्टमध्ये डीपी जळाला. नवा बसवला, तो सप्टेंबरमध्ये जळाला. कामशेतहून वायरमन ताजुद्दीनभाऊ यायचे. तीस-बत्तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस, आता केस पांढरे झालेत, पण आवाज अजून खणखणीत.

"आधी आकडे काढा," ते वाडीवर ओरडले. "बावीस घरांत एवढा लोड येतोच कुठून? कुणीतरी तारेवर आकडा टाकून शेगड्या पेटवतंय."

"आमी चोर व्हय?" अंबूबाई पदर खोचून पुढं झाली. "या घरात आन् बघा. शेगडी घावली तर डोस्क्यावर घिऊन नाचीन."

मीसुद्धा तिच्या बाजूनं वीजवाल्यांना चार शब्द ऐकवले. काखेत माझी ताजी वाळवलेली रजई होती. आज आठवलं की मान खाली जाते. पण तेव्हा खरंच डोक्यात आलं नाही. काँप्युटर तो काँप्युटर, मोबाईलपेक्षा फार तर दहापट खाईल, असं माझं गणित.

आता तांबड्याचं सांगायला हवं, कारण गोष्ट त्याचीच आहे.

आमच्या वाडीची भातखाचरं दोन प्रकारची. खालची धरणाकडची, तिथं इंद्रायणी येतो, त्याचं बी कामशेतच्या बाजारात मिळतं. वरची डोंगराच्या पायथ्याची. तिथं माती थोडी, पाणी झरून जातं, तिथं इंद्रायणी तग धरत नाही. तिथं येतं ते फक्त तांबडं भात. लवकर तयार होतं, दसऱ्याला कापणीला येतं. त्याला दुसरं नाव नाही. दुकानात मागितलं तर दुकानदार हसतो. आजाऱ्याला पेज तांबड्याची, बाळंतिणीला भात तांबड्याचा.

आणि सगळ्या वाडीचं तांबड्याचं बी एकाच घरी असतं, आमच्या. सासूबाईंच्या सासूपासून ही चाल आहे. बी दोन ठिकाणी ठेवलं तर जात बाटते, अशी जुन्यांची समजूत. प्रत्येक घर आपल्या खाचरातली चांगली लोंबीदार ताटं निवडून आमच्याकडं देतं. सासूबाई ती फळीवर हातानं झोडतात, भात तीन दिवस उन्हात घालतात आणि एक दाणा दाताखाली धरतात. कट्ट वाजला की बी कणगीत जातं, वर निर्गुडीचा पाला. मे महिन्यात त्याच मापून घरोघर देतात.

गेल्या ऑक्टोबरात कापणी झाली आणि पाऊस बसला. पाच दिवस ऊन नाही. प्लास्टिकखाली पेंढ्या घामेजल्या. चौथ्या दिवशी सासूबाईंनी गंजीत हात घातला, काही दाणे बाहेर काढले, तर टोकांना पांढरे कोंब. घाईघाईनं झोडून सगळं घरात पसरलं, वर पंखा लावला. पंखा इतका सावकाश फिरत होता की पाती मोजावीत. सासूबाई भाताशेजारी फतकल मारून बसल्या. हातावर हात धरून बसलेली ती बाई मी पहिल्यांदा पाहिली.

"बी चाललं, सुषमे," त्या म्हणाल्या.

मी उठले. अंबूबाईला हाक मारली, आणखी चार जणी घेतल्या. सुपं, बांबूच्या तट्ट्या, ताडपत्री, जे सापडेल ते घेतलं आणि बी भरलेली चारही पोती डोक्यावरून बंगल्याच्या पडवीत नेली. पत्र्याच्या तोंडासमोर तट्ट्या रचल्या, अगदी जवळ, म्हणजे लवकर वाळेल. सासूबाई काठी टेकत मागून आल्या. त्यांनी वाऱ्यात हात धरला आणि काढून घेतला.

"लय गरम हाय गं ह्ये."

"आत्या, मे म्हैन्याचं ऊन काय कमी गरम आसतं व्हय?"

"उन्हाची गोष्ट येगळी."

"येगळी कशी? ऊब ती ऊब. फुकट चाललीया, आपल्या कामाला आली."

ऐंशीला टेकलेली बाई, गुडघा दुखतोय, बी डोळ्यादेखत कुजतंय, आणि यंत्रातलं कळणारी घरात मी एकटी. त्यांनी माझं ऐकलं. मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच, की त्यांनी माझं ऐकलं.

दोन दिवसांत भात खणखणीत वाळलं. सासूबाईंनी दाणा चावला. कट्ट. बायकांनी टाळ्या वाजवल्या. खायचं भातही लोकांनी तिथंच आणून वाळवलं आणि पुन्हा ओल लागायला नको म्हणून लगोलग गिरणीत भरडून घेतलं. मी तर हौसेनं आणखी पुढं गेले. दसऱ्याला आम्ही दारोदार "नवं" बांधतो, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्यांचा तुरा, आंब्याची पानं आणि झेंडू. पावसानं त्या तुऱ्यांवर बुरशी धरली होती. मी बावीस दारांचे तुरे उतरवून वाळवून आणले. आमच्या गोठ्याच्या दाराचा तेवढा राहिला, कारण सासूबाई आडव्या आल्या.

"दारचं नवं दारात ऱ्हाऊ दे. दिल्यालं परत काढू न्हाई."

"आत्या, पार काळं पडलंय."

"पडू दे."

मी पुटपुटत निघून गेले. एवढ्या सुंदर वाळलेल्या तुऱ्यांत आपल्याच गोठ्याला तो काळा झुपका, मला बघवेना.

मे उजाडायच्या आत रोपांच्या जागेवरचे राब भाजून झाले. आमच्याकडं पावसाआधी कोरड्या धुळीतच बी पेरतात. त्याच्या आधी सासूबाई शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधतात, मोरीच्या कोपऱ्यात पेंढ्याखाली ठेवतात आणि पाचव्या दिवशी उघडतात. शंभरातले किती रुजले त्यावर कुणाला किती माप घालायचं ते ठरतं. दरवर्षी नव्वदच्या वर.

पाचव्या दिवशी फडकं उघडलं. शंभर दाणे, फुगलेले, आंबूस वासाचे. कोंब एकही नाही.

"पानी कमी पडलं आसंल," मी म्हणाले.

त्यांनी कणगीच्या तळातून दुसरे शंभर काढले. पाच दिवस. काही नाही. मग मधल्या थरातून तिसरे शंभर. या खेपेला फडक्यावर पाणी शिंपडायला मी तासातासाला जात होते, तान्ह्या पोराकडं जावं तसं. पाचव्या दिवशी सासूबाईंनी फडकं उघडलं, बघितलं, एक दाणा नखानं फोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"सुषमे, ह्ये मेल्यालं हाय."

"पर आत्या, दाताखाली कट्ट वाजल्यालं..."

"वाळल्यालं व्हतं. जितं न्हवतं."

मी तिथंच मोरीच्या कडेला बसले. मग मला फोटो आठवले. मोबाईल काढला, मॅडमना पाठवलेले फोटो मागं मागं नेले. ऑक्टोबर, अठरा तारीख, सकाळ. थर्मामीटरवर चौसष्ट अंश; आमचं मे महिन्याचं ऊन चाळीसच्या आसपास. संध्याकाळी त्रेसष्ट. एकोणीस तारीख, पुन्हा चौसष्ट. प्रत्येक फोटोखाली मी अंगठा दाखवणारं चित्र टाकलं होतं आणि शेवटच्या फोटोच्या कोपऱ्यात आमचं सूप दिसत होतं, भातानं भरलेलं.

मी सासूबाईंना आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "हाताला सोसंना ते. मला कळायला पायजे व्हतं." मला पायजे व्हतं, म्हणाल्या. तुला, म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

चिंचेखालच्या पारावर वाडी गोळा झाली. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. वरच्या खाचरांचं बी संपलं होतं. वाडीत नाही, बाजारात नाही, कुठंच नाही, आणि ते मी माझ्या हातानं भाजलं होतं. अंबूबाई काहीतरी तोडून बोलेल म्हणून मी तिच्याकडं बघत राहिले. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. एरवी तिचं तोंड बंद करायला मी काहीही दिलं असतं, त्या दिवशी तिनं ते उघडावं म्हणून मनातून विनवत होते.

तेवढ्यात ताजुद्दीनभाऊ आले. दोन दिवसांपूर्वी डीपी तिसऱ्यांदा जळाला होता, नवा बसवून ते वीज सोडायला आले होते. या वेळी वायरीला चिमट्यासारखा धरला की आत किती करंट वाहतोय ते दाखवणारं यंत्र त्यांच्या हातात होतं.

"आज आकडेबहाद्दर शोधल्याशिवाय जात नाही," ते म्हणाले. आमचे चेहरे बघून त्यांनाच चमत्कारिक वाटलं. "काय झालंय? कुणी गेलं का?"

"बी गेलं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांना कळलं नाही. त्यांनी वीज सोडली. त्याबरोबर बंगल्यातून गिरणीचा आवाज सुरू झाला. भाऊंनी वाडीच्या वायरीला चिमटा लावला, आकडा वाचला, मान हलवली. मग बंगल्याच्या केबलला लावला. यंत्र हातावर आपटलं, पुन्हा लावलं, खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग माझ्याकडं वळले.

"सुषमाताई, किल्ली तुमच्याकडं असते ना?"

मी दार उघडलं. भाऊ उंबऱ्यातच थांबले. बारा पेट्यांचे हिरवे दिवे लुकलुकत होते. त्यांनी प्रत्येक पेटीची वायर बघितली, पेन काढलं आणि तळहातावर गुणाकार केला. मग मला हाताला धरून पडवीत आणलं, आत बोललेलं ऐकूच येईना.

"तासाला चाळीस युनिट," ते म्हणाले. "घराला मंजुरी पाच किलोवॅटची आहे आणि ओढतायत चाळीस. दिवसाला साडेनऊशे युनिटच्या वर."

"म्हणजे किती, भाऊ?"

"तुमच्या वाडीची बावीस घरं. पंखे, टीव्ही, मिक्सर, मोबाईल, सगळं धरून महिन्याला साडेनऊशे जातात. तुमचा अख्ख्या वाडीचा महिना ही खोली एका दिवसात खाते, ताई."

मी लाल दिवे विझवत फिरले. अर्ध्या लिंबासाठी चालणारे फ्रीज बंद केले. माझी सगळ्या जन्माची बटणं या खोलीनं एका दुपारी खाऊन टाकली असतील. आणि या खोलीची धूळ मी रोज दोनदा झाडत होते.

"मी आकड्यावरनं या लोकांना चोर म्हणालो," भाऊ खाली बघत म्हणाले. "दोन वेळा म्हणालो."

मी मॅडमना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "मॅडम, ही यंत्रं नक्की काय करतात? समजेल असं सांगा. इथं वायरमनभाऊ आहेत."

मॅडम बोलल्या, आणि खरं बोलल्या, एवढं मी त्यांच्या पदरात घालीन. "ताई, डिजिटल नाणं असतं एक. ते मिळवायला एक आकडा ओळखावा लागतो. जगभरातली लाखो यंत्रं एकाच वेळी अंदाज बांधत असतात. दर दहा मिनिटांनी कुणातरी एकाचा जुळतो."

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं काही नाही. ते टाकून देतात आणि पुढचा आकडा सुरू."

"त्या टाकलेल्याचा कशाला उपयोग होतो?"

"नाही."

"आपला जुळला का कधी?"

"आपला नाही. पण आपण एका गटात आहोत, त्यांच्याकडून थोडा वाटा येतो."

"मग वर्षभर या बारा यंत्रांनी जे केलं, मॅडम, ते सगळं..."

"हो ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते तसंच असतं."

भाऊंनी कपाळाला हात लावला. मी पडवीत उभी होते आणि गरम वारं माझ्या पाठीवर येत होतं. बँक नाही, रेल्वे नाही, कुणाचं औषधपाणी नाही. चुकलेले आकडे. त्या खोलीतून वर्षभरात खरोखर हाताला लागेल असं एकच बाहेर पडलं होतं, हे वारं. आणि ते उचलून मी आमच्या बियाण्यावर सोडलं होतं.

"मी फ्यूज काढून सील लावतो," भाऊ म्हणाले.

"थांबा. बंद मी करते."

मी आत गेले आणि भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला. पंखे लगेच थांबले नाहीत. हळूहळू एकेकाचा आवाज उतरत गेला. सगळे गप्प झाले तेव्हा पारावरच्या माणसांचं बोलणं ऐकू यायला लागलं आणि थोड्या वेळानं वर डोंगरावरच्या रिकाम्या टाकीत पाणी पडायला लागल्याचं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा मॅडम स्वतः आल्या. सासूबाईंनी त्यांना फडकं उघडून दाखवलं. मॅडमचा चेहरा उतरला. "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. मी बियाणं आणून देते. कुठूनही मागवते. जातीचं नाव काय?"

"तांबडं," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनी मोबाईलवर ते टाकलं. आम्ही दोघी समोर उभ्या राहून बघत होतो. त्यांचं बोट काचेवरून वर सरकत होतं, सरकत होतं. सगळं सापडत होतं, आमचं तेवढं नव्हतं. शेवटी त्यांनी मोबाईल पर्समध्ये ठेवला. मी बंगल्याची किल्ली त्यांच्या हातात दिली.

त्या गेल्यावर सासूबाई गोठ्याकडं गेल्या. मला हाक मारली. "सुषमे, स्टूल घिऊन ये."

गोठ्याच्या दारावर तो काळा झुपका अजून लटकत होता. दसऱ्याला बांधलेला, पावसाच्या आधीचा, माझ्या गरम वाऱ्याला न लागलेला. मी स्टुलावर चढून तो उतरवला. चिमण्यांनी बहुतेक सगळा खाल्ला होता, उरलेल्यांतले पुष्कळ किडीनं पोखरलेले. परातीत झाडून दाणा दाणा निवडला. सत्तेचाळीस.

सासूबाईंनी ते ओल्या फडक्यात बांधले, पण मोरीच्या कोपऱ्यात ठेवले नाहीत. माझा पदर सरकवून ती पुरचुंडी त्यांनी माझ्या कमरेला, पोटाशी बांधली.

"थोडं बी आसलं की आसं करत्यात," त्या म्हणाल्या. "बियाला ऊब पायजेच. पर माणसाच्या अंगाची."

"आत्या, माज्याकडं कशाला? तुमी बांधा."

"माज्या अंगात आता कुटं ऊब ऱ्हायलीया? तूच बांध."

पाच दिवस ती पुरचुंडी पोटाशी घेऊन मी फिरले. उरलेल्या तीन बंगल्यांत गेले, लाल दिवे विझवले, फ्रीज बंद केले, पण तोंडानं काही बोलले नाही. वाकताना एक हात कमरेला. झोपताना कुशीवर. पोटाला सारखा ओला गारवा लागायचा आणि मनात एकच, एवढ्यानं काय होणार? अंबूबाईनं रस्त्यात गाठलं. माझ्या कमरेकडं बघून म्हणाली, "कितवा म्हैना?" मी हसायला गेले आणि रडायला आलं. तिनं माझा हंडा टाकीच्या नळावरून स्वतः भरून आणून दिला.

पाचव्या दिवशी ओसरीवर उजेडात बसून फडकं उघडलं. मी डोळे मिटून घेतले होते. सासूबाईंचं बोट दाण्यांवरून फिरत होतं, ओठ हलत होते. त्यांनी दोनदा मोजले.

"एकोणीस."

मी डोळे उघडले. एकोणीस पांढरे कोंब, नखाएवढे. बाकीचे अठ्ठावीस काळे.

"एकोणीस दान्याचं काय व्हनार, आत्या?"

"औंदा एकोणीस रोपं. येकयेकटं लावायचं, दूर दूर. म्होरल्या साली सूपभर. त्याच्या म्होरल्या साली येक खाचर. मग वाडीला फुरंल." त्यांनी बोटं दुमडली. "तीन पावसाळं."

त्या ऐंशीच्या होत्या. मी त्यांच्या दुमडलेल्या तीन बोटांकडं बघितलं, त्यांनीही बघितलं.

मग त्यांनी फडकं उचलून माझ्या ओंजळीत ठेवलं. "कुंडीत माती तू भर," त्या म्हणाल्या. "पेर बी तूच. मी हितं बसून बघती."